दिलेल्या वस्तूचा ऐब

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग मिळतात. दोन मोठे रस्ते मिळतात तिथे ट्रक थांबतात आणि ट्रक थांबतात तिथे मिस्त्री वस्ती करतात. आमची गल्ली अशीच वसलेली. अब्बा इंजिन आणि ब्रेकचे काम करीत. समोर पांचाळ मिस्त्रींचा पाट्यांचा भाता, त्यांच्या शेजारी सरदारजींचे स्पेअरपार्टचे दुकान, कोपऱ्यावर बॅटरीवाले चाचा. पलीकडच्या चाळीत स्वतःच्या एकुलत्या एका ट्रकचे मालक आणि ड्रायव्हरही असलेले अण्णा राहत. हा लेख अब्बा आणि अण्णांविषयी आहे. खरे तर त्या दोघांच्या मध्ये आलेल्या एका लोखंडी ड्रमाविषयी आहे.

आमच्या गल्लीत म्हाताऱ्या गाड्या कापायला येत. गॅसकटरने चासी कापली जाई, लोखंड वजनावर जाई. पण त्याआधी मिस्त्री लोक गाडीतून जे जे कामाचे ते काढून घेत : सेल्फ, डायनामो, रेडिएटर, पाटे, हब, ड्रम, गिअरचे दाते. टाटांनी मर्सिडीज-बेंझबरोबर ट्रक बांधायला सुरुवात केली ती १९५४ साली. तो करार १९६९ मध्ये संपला, पण गाडीचा सांगाडा पुढे कितीतरी वर्षे फारसा बदलला नाही. त्यामुळे एका गाडीचे हाड दुसऱ्या गाडीला बसे. कापलेल्या गाडीचे सामान अब्बांच्या शेडमागे फळ्यांवर रचलेले असे. गल्लीतला कुणीही येई, हवे ते नेई. वही नव्हती. कुणी नंतर तसाच पार्ट आणून ठेवी, कुणी पैसे देई, कुणी काहीच देत नसे. अब्बा विचारीत नसत.

हिवाळ्यात ही देवघेव वाढे. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि त्याच वेळी इंजिनातले ऑइल घट्ट होऊन सेल्फवरचा भार वाढतो. पहाटे गल्लीत 'घर्र... घर्र...' असा दम तुटलेला आवाज येई आणि मग हाक येई, "मिस्त्री, बॅटरी द्या हो घडीभर!" आणि हाच मोसम गाड्यांच्या धावपळीचा. जिनिंगकडे कापूस, नंदुरबारची मिरची, लासलगाव-मनमाडकडून उत्तरेला जाणारा लाल कांदा. हा कांदा टिकत नाही. गाडी दोन दिवस उभी राहिली की माल पाणी सोडू लागतो आणि भाडे बुडते.

आमच्या मशिदीतल्या मौलवीसाहेबांनी एकदा सूरह माऊनचा अर्थ सांगितला होता. कुरआनातली ही १०७ वी सूरह अवघ्या सात आयतींची. अनाथाला धक्के देणारे, नमाजीत गाफील राहणारे, दिखावा करणारे अशांची गणती करीत ती शेवटी एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर येऊन थांबते : 'माऊन' देण्यास नकार देणारे. माऊन म्हणजे काय? काही सहाबींनी याचा अर्थ जकात असा घेतला. पण हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद यांनी सांगितलेला अर्थ साधा आहे : शेजारी एकमेकांना वापरायला देतात त्या वस्तू, बादली, हांडी यांसारख्या. ज्या शेडमध्ये रोज पाना, जॅक आणि बॅटरी मागितली जाई, तिथल्या माणसांना हा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. अब्बा घरी येऊन एवढेच म्हणाले, "अपनी तो पूरी शेडच माऊन है।"

१९८८ च्या जानेवारीतली गोष्ट. रात्री दहाच्या सुमारास अण्णा आले. गाडीत कांदा भरलेला, जायचे इंदूरला, आणि मागच्या चाकाचा ड्रम तडकलेला. सरदारजींचे दुकान बंद झाले होते. उघडे असते तरी नव्या ड्रमाएवढे पैसे अण्णांच्या खिशात नव्हते. त्या महिन्याचा हप्ताही थकलेला. अब्बांनी फळीवरून एक ड्रम काढला. त्याच आठवड्यात कापलेल्या गाडीचा. हातोडीने वाजवला.

ओतीव लोखंडाचा ड्रम धड असेल तर हातोडी मारल्यावर मडक्यासारखा खणखणतो. तडा असेल तर आवाज बसका येतो. त्या रात्री आवाज खणखणीतही नव्हता आणि अगदी बसकाही नव्हता. ड्रमावर ग्रीस आणि मातीचा थर होता. तसा थर असला की चांगला ड्रमही दबका बोलतो. अब्बांनी स्वतःला तेच सांगितले. खात्री करायचा उपाय त्यांना ठाऊक होता. ड्रम घासून स्वच्छ करायचा, त्याला रॉकेल लावायचे, पुसून कोरडा करायचा आणि वर खडूची भुकटी चोळायची. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल बाहेर झिरपते आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. अर्ध्या तासाचे काम. पण अण्णा थंडीत कुडकुडत उभे होते, वारंवार उपकार मानत होते आणि बारा वाजायच्या आत निघायचे होते. अब्बांनी ड्रम बसवून दिला. पैसे घेतले नाहीत. अण्णा गेले आणि अब्बांची झोपही गेली.

इंदूरकडे जाताना बहुतेक चढ असतो, येताना उतार. मानपूरकडचा घाट, मग सेंधव्यापुढचा बिजासन. भरलेली गाडी उताराला लागली की ब्रेक सतत दाबावा लागतो, ड्रम तापतो आणि असलेला तडा वाढतो. चार दिवस अब्बा दर नमाजीनंतर रस्त्यावर जाऊन उभे राहत. पाचव्या दिवशी अण्णा परतले. काही झाले नव्हते. अब्बांनी चहा पाजला आणि चहा संपायच्या आत गाडीचे चाक काढले. ड्रम स्वच्छ केला, रॉकेल लावले, पुसले, खडू चोळला. थोड्या वेळाने बोटभर लांबीची बारीक रेघ उमटली. अब्बांनी ती अण्णांना दाखवली आणि त्या रात्रीची आपली शंकाही सांगितली.

अण्णा रागाने ओरडले नाहीत. थोडा वेळ रेघेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मिस्त्री, विकत घेतला असता तर मी वाजवून घेतला असता. तुम्ही दिला म्हणून वाजवला नाही."

अब्बा पुढे अनेक वर्षे हे वाक्य आठवत राहिले आणि आता ते माझ्याकडे आले आहे. या वाक्यात एक मोठा नैतिक प्रश्न आहे. व्यापारात वस्तूचा ऐब लपवू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतले धान्य ओले लागले, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्या व्यापाऱ्याला कसे खडसावले, ती हदीस सर्वांना माहीत असते. फिकहमध्येही विकत घेतलेल्या वस्तूत आधीचा दोष निघाला तर ती परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. पण फुकट दिलेल्या वस्तूचे काय? तिथे मोबदलाच नाही, म्हणून दोषासाठी ती परत करून काही वसूल करण्याचा हक्कही नाही. उसनवारीचेही तसेच. वापरायला नेलेली वस्तू घेणाऱ्याच्या हातून नष्ट झाली तर भरपाई कुणी द्यायची, यावर इमामांमध्ये विस्ताराने चर्चा आहे. आम्हा हनफींच्या मते ती अमानत असते, हयगय झाली नसेल तर भरपाई नाही. कोकणातले आपले शाफई भाऊ वेगळे मानतात. त्यांच्याकडे नेहमीच्या वापरातली झीज सोडली तर घेणारा जबाबदार. घेणाऱ्याचे कर्तव्य असे बारकाईने मोजलेले आहे. देणाऱ्यापुढे मात्र कायदा फारसा उभा राहत नाही, कारण देणारा आधीच पुण्याच्या बाजूला उभा आहे, असे आपण धरून चालतो.

आणि धोका तिथेच आहे. विकणाऱ्याकडे घेणारा संशयाने पाहतो. देणाऱ्याकडे तो मान खाली घालून पाहतो. दान मिळालेल्या घोड्याचे दात मोजू नयेत, असे शहाणपण तर आपण गरिबालाच शिकवतो. म्हणजे घेणाऱ्याचे तोंड आपल्या उपकाराने बंद होते. जे तो विचारू शकत नाही ते सांगण्याची जबाबदारी मग देणाऱ्यावर दुप्पट येते. वस्तू देताना तिचा ऐबही सोबत द्यावा लागतो. नाही तर आपण सवाब आपल्याकडे ठेवला आणि जोखीम शेजाऱ्याच्या गाडीत भरली, असे होते.

कुणी म्हणेल, एवढेच असेल तर सोपे आहे. अब्बांनी शंका सांगायची होती, अण्णांनी ठरवायचे होते. पण अण्णांनी, हप्ता थकलेल्या माणसाने, ऐकून घेऊनही "चालेल, द्या" म्हटले असते तर? मला वाटते, म्हटलेच असते. मग अब्बा मोकळे झाले असते का? इथे अब्बांनी जो विचार केला तो मला त्यांच्या साऱ्या कारागिरीपेक्षा मोलाचा वाटतो. ते म्हणाले की गाडीत दोन तऱ्हेचे पार्ट असतात, चालवणारे आणि थांबवणारे. सेल्फ, डायनामो, रेडिएटर हे चालवणारे. ते दगा देतात तेव्हा गाडी रस्त्यात उभी राहते, नुकसान मालकाचे होते आणि तो ते पत्करू शकतो. ब्रेक आणि स्टिअरिंग हे थांबवणारे, सांभाळणारे. ते दगा देतात तेव्हा नुकसान घाटाखाली चहा पिणाऱ्याचे होते, ज्याला आमच्या व्यवहाराची खबरही नाही. त्याच्या वतीने 'चालेल' म्हणण्याचा अधिकार ना अण्णांना, ना अब्बांना. २०२३ च्या जुलैत बिजासन उतरून आलेला एक कंटेनर पळासनेरजवळ गाड्यांना धडकत हॉटेलात घुसला. किमान दहा माणसे गेली. ब्रेक निकामी झाल्याचे बातम्यांत आले. अब्बा तेव्हा हयात नव्हते. बातमी वाचून मला त्यांचे ते चार दिवस आठवले.

अण्णा उठून गेल्यावर अब्बांनी तो ड्रम घणाने फोडला, पुन्हा कुणी वापरू नये म्हणून. यावर गल्लीत वाद झाला. बॅटरीवाले चाचा म्हणाले, "भाई, ये तो इसराफ हुआ। तुम नहीं दोगे तो गरीब आदमी कबाड़ से इससे बुरा लाएगा।" हा आक्षेप खोटा नव्हता. आपल्या हाताने वाईट वस्तू न देणे सोपे असते, पण तेवढ्याने गरज मिटत नाही. हात स्वच्छ ठेवण्याच्या नादात आपण शेजाऱ्याला आणखी वाईट दुकानात ढकलतो. अब्बांजवळ त्याला लगेच उत्तर नव्हते.

उत्तर पांचाळ मिस्त्रींनी शोधले. प्रत्येकाने पन्नास-पन्नास रुपये काढले, सरदारजींनी नफा सोडला आणि गल्लीत दोन नवे ड्रम आले. ते कुणाच्या मालकीचे नव्हते. अडलेल्याने बसवून न्यायचे आणि ऐपत आली की तसेच नवे आणून ठेवायचे. फळीवरच्या जुन्या सामानावर अब्बा चुन्याने खुणा करू लागले. गोल म्हणजे बेधडक न्या. फुली म्हणजे मला विचारल्याशिवाय हात लावू नका. ब्रेक-स्टिअरिंगचा पार्ट खडूची परीक्षा झाल्याशिवाय फळीवर चढत नसे. हे उत्तर पुरे होते असे मी म्हणणार नाही. दोन ड्रम दहा गाड्यांना पुरत नाहीत. एकदा नेलेला ड्रम दोन वर्षे परत आला नव्हता आणि त्यावरून बोलाचाली झाली. पण 'नसल्यापेक्षा हे बरे' या सबबीखाली जे खपत होते ते खपेनासे झाले, हे मी पाहिले आहे.

आता ती गल्ली तशी राहिली नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांच्या इंजिनात सेन्सर आहेत आणि बिघाड शोधायला कॉम्प्युटर जोडावा लागतो. एका गाडीचे हाड दुसरीला सहज बसत नाही. २०२१ पासून जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे सरकारी धोरण आहे आणि त्यासाठी नोंदणीकृत केंद्रे निघाली आहेत. ज्याच्या डोक्यावर कर्ज आणि गाडीत नाशिवंत माल आहे त्याची अडचण मात्र हिवाळ्यातल्या पहाटेसारखी दर वर्षी येतेच. आणि देणे फक्त ट्रकच्या पार्टचे नसते. आपण शेजाऱ्याला घरातली उरलेली औषधे देतो, ओळखीच्या मुलाला नोकरीसाठी शिफारस देतो, स्थळ सुचवतो, ऐकीव मसला दीन म्हणून सांगतो. सारे फुकट, सारे चांगल्या हेतूने. घेणारा आपल्यावरच्या विश्वासामुळे वाजवून पाहत नाही.

अण्णांनी अब्बांशी बोलणे सोडले नाही. त्या प्रसंगानंतरही ते जुने सामान न्यायला येत. फक्त एक बदल झाला होता. अब्बांनी पार्ट हातात दिला की अण्णा कमरेचा पाना काढून तो वाजवीत, अब्बांच्या समोरच. पहिल्या वेळी मला तो अपमान वाटला. अब्बांना तसे वाटले नाही. ते शेजारी उभे राहून स्वतःही कान देत.