मोठ्या घरातली थोरली

आपल्या धर्मग्रामातील साठी-सत्तरीच्या माणसाला विचारा, "तुम्ही किती भावंडे?" सहा, आठ, कधी कधी दहा असे उत्तर येते आणि ते देताना चेहरा खुलतो. मग भरल्या घराच्या गोष्टी सुरू होतात. या एवढ्या लेकरांचे केले कोणी, हे मात्र आपण सहसा विचारत नाही.

आईने केले, हे तर खरेच. पहाटे अंधारात उठून चूल पेटवायची, तांदळाच्या भाकऱ्यांची चवड रचायची, वाडीतली फुले नाहीतर भाजी तोडून दादरला जाणाऱ्या पहिल्या गाडीसाठी टोपली भरून द्यायची. मग एकेकाला उठवायचे. थोरल्याचा गणवेश मधल्याला आणि मधल्याचा धाकट्याला, असा एक सदरा चार-पाच वर्षे शाळेत जात असे. संध्याकाळी रोझरीला सगळे गुडघ्यांवर. तिसऱ्या रहस्यापर्यंत निम्मी पोरे पेंगलेली. पण त्या माउलीलाही तिचा आनंद होता. रात्री ओळीने निजलेली डोकी ती कंदिलाच्या उजेडात मोजायची. कधी एक जास्त भरायचे, कारण शेजारचे पोर तिथेच झोपलेले असायचे. त्यालाही तेच पांघरूण.

मासळीची वाटणी करताना या आईचा न्याय दिसायचा. तापातून उठलेल्याला चांगली तुकडी, परीक्षा असलेल्याला दुसरी, बाकीच्यांना रस्सा. "त्याला जास्त का?" या प्रश्नाला उत्तर मिळत नसे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा धनीही शेवटी आलेल्यांना सकाळपासून राबणाऱ्यांइतकीच मजुरी देतो, आणि सकाळचे मजूर कुरकुरतात. सारखे देणे म्हणजे न्याय नव्हे. ज्याला जेवढी गरज तेवढे द्यावे, हे आईला कोणी शिकवावे लागत नाही.

पण घरात तुकड्यांपेक्षाही दुर्मीळ गोष्ट असते ती आईचे लक्ष. जो रडतो, पडतो, आजारी पडतो, त्याच्याकडे ते जाते. जो काहीच मागत नाही त्याचे काय?

फ्रान्समधील आलेन्साँ गावची संत झेली मार्टिन ही अशीच लेकुरवाळी. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिला आणि तिचे पती लुई यांना एकत्र संतपद दिले. नऊ मुले झाली, त्यांपैकी चार लहानपणीच गेली. झेली लेस विणण्याचा धंदा चालवायची आणि रात्री उशिरापर्यंत बसून कामे उरकायची. तिची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत आणि त्यांत तिसऱ्या मुलीची, लिओनीची, काळजी पुन्हा पुन्हा येते. ही पोर हट्टी. मठातल्या शाळेने तिला परत पाठवले. आईने नवस-प्रार्थना केल्या, समजावले, रागावली. आणि घरातलीच मोलकरीण लिओनीला धाकात ठेवून छळते आहे, हे आईला कळले ते १८७७ साली, स्वतःच्या मृत्यूच्या काही महिने आधी. संतपदाला पोहोचलेल्या आईच्याही नजरेतून तिच्याच घरातले एवढे मोठे दुःख सुटले! मोठे घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला हे वाचून थोडा धीर येईल, असे मला वाटते.

त्याच वर्षी २८ ऑगस्टला स्तनाच्या कर्करोगाने झेली वारली. तेव्हा धाकटी तेरेजा साडेचार वर्षांची होती. पुढे तिची आई झाली ती दुसरी बहीण पोलिन, आणि घर सांभाळले सतरा वर्षांच्या थोरल्या मारीने. बाळ येशूची संत तेरेजा जगाला ठाऊक आहे. तिची वेणीफणी कोणी केली, तिला अक्षरे कोणी गिरवायला लावली, हे आपण विसरतो.

आपल्याकडेही तेच. आईला नवे बाळ झाले की "बाय, याला जरा घे" म्हणून आधीचे मूल आठ-दहा वर्षांच्या थोरलीच्या कडेवर यायचे, आणि तो "जरा" पंधरा वर्षे चालायचा. चौथी-सातवीत शाळा सुटायची. तिच्या पाठचे भाऊ शिकले, नोकरीला लागले, कोणी आखातात गेले. आईला दोष द्यावा असे मला वाटत नाही. तिला दोनच हात होते.

आज त्या थोरल्या बहिणी म्हाताऱ्या झाल्या आहेत आणि वाडीच्या जमिनीला भाव आला आहे. आई-वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार आपणा ख्रिस्ती लोकांत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. तरीही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहिणींना नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. "ताईने हसत हसत सही केली," असे भाऊ सांगतात. हसली असेलही. पण सही केली नाही तर माहेरचे दार बंद होईल, ही भीती त्या हसण्यामागे नव्हती, असे किती भाऊ छातीवर हात ठेवून सांगतील?

कोणी म्हणेल, बहिणीच्या मायेचा हिशेब करायचा का? बंधुभगिनींनो, तिने करू नये, आणि ती करतही नाही. पण देणारा मोजत नाही म्हणून घेणाऱ्याचे देणे फिटत नाही. उलट मोजण्याची जबाबदारी मग घेणाऱ्यावर येते. लूकच्या शुभवर्तमानात उधळ्या पुत्राची मेजवानी सर्वांच्या लक्षात राहते, पण ती मेजवानी सोडून बाप बाहेर येतो आणि शेतावरून आलेल्या थोरल्याची समजूत घालतो. दिवसभर राबलेल्याने आपण होऊन आत यावे, अशी अपेक्षा तो करत नाही.

आमच्या परिचयातील एका घरात जमीन विकली तेव्हा भावांनी पहिला धनादेश थोरल्या बहिणीच्या नावाने काढला. ती म्हणाली, "मला कशाला, मी काय करू एवढ्याचे?" भावांनी ऐकले नाही. सत्तराव्या वर्षी तिने पहिल्यांदा स्वतःच्या एकटीच्या नावाने बँकेत खाते उघडले. फारसे वाचता येत नाही, तरी पासबुक उशाखाली ठेवून निजते.