इल्म, अमानत आणि संरक्षण खात्याचा पैसा

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी भेटायला घरी आला. वडील देगलूरच्या बाजारात शिलाईकाम करतात. पोरगा दहावीपर्यंत उर्दू माध्यमातून शिकला, पुढे भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाला. हैदराबादच्या एका विद्यापीठातील संशोधन प्रकल्पात त्याला जागा मिळाली होती, महिना ३७ हजार रुपये शिष्यवृत्तीची. मी मुबारकबाद दिली, पण त्याचा चेहरा खुलला नाही. शीरखुर्म्याची वाटी हातात तशीच धरून तो म्हणाला, “सर, प्रकल्पाला पैसा डीआरडीओचा आहे. संरक्षण खात्याचा. ये पैसा लेना जायज है क्या?”

मी मुफ्ती नाही. फतवा देण्याचा मला अधिकार नाही. परंतु ज्या पोराला आपण न्यूटनचे नियम शिकवले, त्याने त्या नियमांच्या वापराबद्दल विचारले तर ‘मौलाना साहेबांना विचार’ असे म्हणून शिक्षकाला सुटता येत नाही. त्या दिवशी मी त्याला अर्धेमुर्धे उत्तर दिले. नंतर बरेच दिवस मी त्यावर विचार करीत राहिलो. तो विचार येथे मांडतो आहे.

प्रथम हा पैसा काय आहे ते पाहू. संरक्षण संशोधन व विकास संघटना, म्हणजे डीआरडीओ, १९५८ साली स्थापन झाली. तिच्या स्वतःच्या प्रयोगशाळा आहेत. आपल्या पुण्यातच पाषाण, दिघी, गिरिनगर या भागांत तिच्या मोठ्या संस्था आहेत. पण सगळे ज्ञान एका खात्याच्या भिंतींच्या आत तयार होत नाही. क्षेपणास्त्र वातावरणात परत शिरताना त्याचे टोक प्रचंड तापते. ते वितळू नये म्हणून रसायनशास्त्रज्ञ लागतो, पदार्थविज्ञानाचा जाणकार लागतो, गणिती लागतो, संगणकवाला लागतो. ही सगळी माणसे विद्यापीठात असतात, मात्र वेगवेगळ्या विभागांत, एकमेकांना पाठ करून बसलेली. संरक्षण खात्याचा पैसा त्यांना एका टेबलाभोवती बसवतो. विमानविद्येच्या संशोधनाला मदत करणारे मंडळ १९७१ साली झाले, नौदलाशी संबंधित संशोधनाचे १९९६ साली. हैदराबाद विद्यापीठात स्फोटक द्रव्यांच्या अभ्यासाचे केंद्र २००५ साली उभे राहिले. आयआयटी मुंबईतही डीआरडीओचे केंद्र आहे. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तर संरक्षण संशोधनाच्या निधीतील २५ टक्के वाटा उद्योग, नवउद्योग आणि विद्यापीठांसाठी खुला करण्याची घोषणा झाली.

आपल्या भागाचाही या गोष्टीशी जुना संबंध आहे. देगलूर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे विज्ञान व अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवली गेली. त्यासाठी दारुल तर्जुमा नावाची अनुवादसंस्था होती. उर्दू माध्यमाच्या शिक्षकाला याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. त्याच उस्मानियातील एका संशोधन विभागाने पुढे ‘नाग’ क्षेपणास्त्रासाठी संदेशप्रक्रियेची गणिती रीत तयार केली, असे अब्दुल कलाम साहेबांनी ‘अग्निपंख’ मध्ये नोंदवले आहे. म्हणजे माझा विद्यार्थी ज्या वाटेने निघाला, ती वाट त्याच्या आधीच तेथे पडलेली होती.

आणखी एक नाव मला आठवते. बी.एड. झालेल्या प्रत्येकाने कोठारी आयोग पाठ केलेला असतो. परीक्षेला हमखास प्रश्न! १९६४ ते ६६ च्या त्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी हेच १९४८ पासून संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार होते आणि देशातील संरक्षण विज्ञानाचा पाया त्यांनी घातला, हे मला बी.एड. मध्ये कोणी सांगितले नव्हते. पुढे १९६१ पासून ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. शाळा, विद्यापीठ आणि फौज हे तिन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात आले. त्यांच्याकडे मी पुन्हा येईन.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सरळ आहे: या ज्ञानाने माणसे मरतात. कुरआनातील एका सूरेचे नावच ‘हदीद’, म्हणजे लोखंड. लोखंडात जबर ताकद आहे आणि लोकांसाठी फायदेही आहेत, असा त्यातील एका आयतीचा आशय. देशाने आपले रक्षण करू नये असे इस्लाम सांगत नाही, आणि सीमेवरच्या जवानाने चांगल्या हत्याराविना उभे राहावे असे म्हणणे हा निव्वळ दुटप्पीपणा होईल. पण त्याच आयतीत लोखंडाच्या आधी तराजूचा उल्लेख येतो, माणसांनी इन्साफावर उभे राहावे म्हणून. आधी तराजू, मग लोखंड. हा क्रम आपण विसरता कामा नये.

या आक्षेपावर एक ठरलेले उत्तर दिले जाते. कलाम साहेब स्वतः सांगत की हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधील एक हाडांचे डॉक्टर त्यांच्या प्रयोगशाळेत आले. ‘अग्नी’साठी बनवलेला हलका पदार्थ त्यांनी हातात घेऊन पाहिला आणि कलाम साहेबांना आपल्या रुग्णालयात नेले. तेथे पोलिओ झालेली लेकरे तीन किलो वजनाचे धातूचे कॅलिपर ओढत चालत होती. तीन आठवड्यांत तीनशे ग्रॅमचे कॅलिपर तयार झाले. तिकडे अमेरिकेत १९६९ साली संरक्षण खात्याच्या पैशाने विद्यापीठांतले संगणक एकमेकांना जोडले गेले आणि त्यातून आजचे इंटरनेट वाढले. या गोष्टी खऱ्या आहेत. तरी हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. लेकरांचे कॅलिपर हलके करण्यासाठी आधी क्षेपणास्त्र बनवावेच लागते असे नाही. योगायोगाने झालेले भले हे मूळ कामाचे समर्थन होऊ शकत नाही. मात्र या गोष्टीतली एक बाब मला महत्त्वाची वाटते. प्रयोगशाळेचे दार त्या डॉक्टरसाठी उघडे होते. ते बंद असते तर तो पदार्थ ‘अग्नी’च्या टोकाशीच राहिला असता.

दुसरा आक्षेप मला पहिल्यापेक्षा गंभीर वाटतो. जो पैसा देतो तो प्रश्नही ठरवतो. आपल्या नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. त्याने दात पिवळे पडतात, हाडे वाकतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. यातही रसायनशास्त्र आहे, भूगर्भशास्त्र आहे, अभियांत्रिकी आहे. येथेही सगळे विभाग एका टेबलाशी बसायला हवेत. पण त्या टेबलाचे भाडे कोण देणार? २०२०-२१ साली भारत आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के भाग संशोधनावर खर्च करीत होता, आणि केंद्राच्या मोठ्या विज्ञान संस्थांमध्ये सर्वाधिक खर्च डीआरडीओचा होता. हुशार पोरगा पैसा असेल तेथे जाणार, त्यात त्याचा दोष नाही. दोष आपला आहे, कारण वाकलेल्या हाडांचा प्रश्न विचारण्यासाठी आपण त्याला शिष्यवृत्ती ठेवली नाही.

तिसरा आक्षेप गुप्ततेचा. विद्यापीठ म्हणजे जेथे सापडलेले सर्वांना सांगितले जाते ती जागा. इल्म लपवणाऱ्याला आपल्या दीनमध्ये सख्त ताकीद आहे. येथे मला पुन्हा कोठारी साहेब आठवतात. संरक्षणमंत्र्यांचे सल्लागार असतानाच त्यांनी १९५६ साली अणुस्फोटांच्या परिणामांवर एक पुस्तक सिद्ध केले. सरकारनेच ते छापले आणि त्याला पंडित नेहरूंची प्रस्तावना होती. बॉम्ब पडला तर माणसाचे, पिकाचे, पुढच्या पिढीचे काय होते, हे फौजेच्या शास्त्रज्ञाने साऱ्या जगाला उघड सांगितले. फौजेचे मीठ खाऊन सत्य सांगता येते, याचा हा नमुना आहे.

आणि सत्य दिसल्यावर उठून जाताही आले पाहिजे. जोसेफ रॉटब्लाट अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात काम करीत होते. जर्मनीकडे बॉम्ब होणार नाही हे १९४४ च्या अखेरीस कळताच त्यांनी काम सोडले. ज्या भीतीपोटी आलो ती भीतीच उरली नाही, मग थांबायचे कशासाठी? पुढे त्यांनी भौतिकशास्त्र वैद्यकाच्या कामी लावले आणि १९९५ साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले.

म्हणून माझे मत असे बनले आहे: पैसा कोणत्या खात्यातून आला एवढ्यावर त्याचा जायज-नाजायजपणा ठरत नाही. सरकारचा पैसा शेवटी आपलाच आहे. माझा विद्यार्थी ज्याचा मुलगा, तो टेलर दोऱ्याच्या रिळावरही कर भरतो. त्या पैशाचा हिशेब मागण्याचा हक्क त्याला आहे, आणि पैसा घेणाऱ्याच्या गळ्यात ती अमानत आहे. अमानत सांभाळायची तर नियत साफ असून भागत नाही. बोलायची आणि सोडायची मोकळीकही लागते. त्या पोराला मी आता तीन प्रश्न विचारायला सांगेन. तुझ्या कामातले किती छापता येईल? हे काम कशासाठी आहे ते तुला सांगितले जाईल का? आणि मन राजी होईना तर तुझी पदवी न बुडता तुला बाहेर पडता येईल का? या तिन्हींची उत्तरे मिळत असतील तर जा. मिळत नसतील तर ३७ हजार कमी आहेत.

आपल्या समाजात काही जण म्हणतील, या भानगडीत पडूच नये, पोराने गावी येऊन शिकवणी घ्यावी. मला हे पटत नाही. दूर राहिल्याने हात स्वच्छ राहतात असे वाटते, पण निर्णय तर होतातच, फक्त ते आपल्याशिवाय होतात. ज्या टेबलावर लोखंडाचा विचार होतो तेथे तराजूची आठवण करून देणारा कोणी तरी हवा. तो आमच्या शाळेतून गेलेला असला तर मला आनंदच होईल.

पोरगा गेला. महिन्याभराने त्याचा फोन आला. पहिला प्रश्न त्याने स्वतःहूनच विचारला होता. काही भाग छापता येईल, काही नाही, असे मार्गदर्शकांनी स्पष्ट सांगितले. दुसऱ्याचे उत्तर अर्धे मिळाले. तिसरा विचारायला अजून धीर होत नाही, असे तो म्हणाला. मी त्याला एवढेच सांगितले, “बेटा, तोच सर्वांत जरूरी आहे.”