काही होत नाही

आमच्या मंडणगड तालुक्यात भाताची खाचरे डोंगराच्या उतारावरून एकाखाली एक अशी उतरत गेलेली असतात आणि प्रत्येक खाचराच्या खालच्या अंगाला बांध असतो. त्या बांधाला उंदीर आतून पोखरतात, गुरे वरून तुडवतात, पाणी अष्टौप्रहर रेटत असते. बांध आपला उभा. मग श्रावणातल्या एखाद्या रात्री तो जातो. सकाळी खालच्या खाचरातली लावणी चिखलात गाडलेली दिसते आणि बघणारा म्हणतो, “एका रात्रीत फुटला हो!” मीही लहानपणापासून असेच म्हणत आलो. दोन वर्षांपूर्वी रक्ताच्या तपासणीचा कागद हातात घेऊन बसलो असताना प्रथमच मनात आले, की बांध फुटायला लागून फार दिवस झालेले असतात. त्या रात्री त्याने धरून ठेवणे तेवढे सोडलेले असते.

त्या कागदावर साखरेचा आकडा होता आणि तो चांगला नव्हता. मला राग आला, कारण मला काहीच होत नव्हते. चाळीस वर्षे मास्तरकी केली. दिवसाला आठ कप गोड चहा, जेवणाची वेळ हुकली की फरसाणाची पुडी, रात्री दीड-दोनपर्यंत वाचन आणि हाकेच्या अंतरावर जायलाही रिक्षा. कोणी टोकले तर माझे उत्तर ठरलेले: “एवढ्याने काही होत नाही.” आणि खरोखरच काही होत नव्हते! चाळीस वर्षांच्या अनुभवाने सिद्ध झालेले विधान एका कागदाने खोटे पाडावे, याचा मला राग आला होता.

पुढे सवड होती म्हणून मी या विषयावरचे वाचू लागलो, तेव्हा कळले की ‘काही होत नाही’ हे विधान खोटेही नव्हते. काही होऊ नये म्हणून आत कोणीतरी अखंड राबत होते. आपण सतत गोड आणि पिठूळ खात राहिलो, बसून राहिलो, की शरीरातल्या पेशी इन्शुलिनचे ऐकेनाशा होतात. मग स्वादुपिंड दुप्पट इन्शुलिन ओतते आणि साखर जागेवर ठेवते. वर्षानुवर्षे तपासणीचा आकडा निर्दोष येतो. ज्या दिवशी तो बिघडतो, त्या दिवशी स्वादुपिंडाची ताकद बहुधा निम्म्याच्या आसपास संपलेली असते. मूत्रपिंडाचेही तसेच. एकेका मूत्रपिंडात गाळण्याचे सुमारे 10 लाख बारीक घटक असतात. काही निकामी झाले की उरलेले त्यांचे काम अंगावर घेतात, आणि निम्मे काम बंद पडेपर्यंत नेहमीच्या तपासणीत बहुधा पत्ता लागत नाही. हृदयाला रक्तदाबाविरुद्ध पंप मारावा लागला तर ते आपली भिंत जाड करते. रक्तवाहिनीत चरबीचा थर साचू लागला तर ती बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतला मार्ग मोकळा ठेवते. शिकागोच्या सीमूर ग्लागॉव्ह यांनी 1987 साली दाखवले, की हृदयाच्या धमनीची सुमारे 40 टक्के जागा थराने व्यापेपर्यंत ही युक्ती चालते. तोवर छातीत कळ नाही, धाप नाही, काही नाही.

वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1932 साली या सगळ्या तोल सांभाळण्यावर पुस्तक लिहिले आणि त्याला ‘शरीराचे शहाणपण’ अशा अर्थाचे नाव दिले. नाव सुंदर आहे. परंतु मला त्या शहाणपणात आपल्याकडच्या जुन्या सुनांचा भिडस्तपणाच जास्त दिसतो. घरात धान्य नाही हे पाहुण्यांना कळू नये म्हणून स्वतः उपाशी राहून पंगत वाढणारी सून! पाहुणा तृप्त होऊन ढेकर देतो आणि समजतो की घरात सुबत्ता आहे.

आणि यातली खरी दुःखाची गोष्ट पुढेच आहे. शरीर ज्या तडजोडीने आज वाचते, तीच तडजोड उद्या त्याचा रोग होते. जाड झालेली हृदयाची भिंत पुढे ताठरते आणि नीट सैल होत नाही. जास्तीचे काम करणारी मूत्रपिंडाची गाळणी त्या कामानेच झिजतात. ब्रूस मॅकइवेन या शास्त्रज्ञाने 1993 साली आपल्या एका सहकाऱ्याबरोबर या झिजेला नाव दिले. जुळवून घेण्याचे साचत गेलेले ओझे, असा त्याचा अर्थ सांगता येईल. रोग बाहेरून येतो, अशी आपली समजूत असते. येथे तो आपल्याच घरातल्या सोशिकपणातून जन्म घेतो.

येथवर सारे शास्त्र झाले. माझी खरी अडचण याच्या पुढची आहे. हा हिशेब वाचताना मला सारखे बाबा आठवत होते.

बाबा परळला गिरणीत साचाखात्यात होते. आमच्या भागातल्या बहुतेक घरांतला एक तरी पुरुष तेव्हा मुंबईला असे. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस गाववाले पाळीपाळीने झोपत. एकाची वळकटी गुंडाळली जाई तेव्हा दुसऱ्याची पसरली जाई. आठवड्याने पाळी बदले, आणि झोपही तिच्याबरोबर बदले. खानावळीचे दोन वेळचे जेवण, मध्ये चहा आणि गालात तंबाखू. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांसारखे बाबाही गावी परतले ते परत गेले नाहीत. पुढे काही वर्षांनी त्यांची उजवी बाजू गेली. रक्तदाब किती वर्षे वाढलेला होता कोण जाणे. त्यांनी तो कधी मोजून घेतला नव्हता. तेही म्हणत, “काय व्हत नाय.”

मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला, चार पुस्तके वाचलेला तरुण होतो. त्यांच्या खाटेशी उभा राहून मी म्हणालो, “किती वेळा सांगितलं, तंबाखू सोडा म्हणून! आता भोगावं लागतंय.” त्यांची जीभ थोडी जड झाली होती. ते सावकाश म्हणाले, “रातपाळीला साच्यावर डोळा लागला तर बोट जातं रे. तंबाखूनं डोळा उघडा राहतो.” आणि थोड्या वेळाने, “तुझी फी भरायची व्हती.” दुसरे वाक्य त्यांनी तक्रार म्हणून उच्चारले नव्हते, कारण सांगावे तसे सांगितले होते. मी बाहेर ओटीवर जाऊन बसलो. आत जाऊन काही बोलावे, एवढे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही, आणि नंतर त्याची वेळ निघून गेली.

आज माझा कागद आणि त्यांची खाट मी शेजारी शेजारी ठेवून पाहतो. त्यांनी शरीर खर्चले ते माझ्या फीसाठी. मी खर्चले ते जिभेसाठी आणि आळसासाठी. शरीराच्या वहीत मात्र दोन्ही नोंदी एकाच शाईने झाल्या. तंबाखू कशासाठी खाल्ली, जागरण कोणासाठी केले, हा रकानाच त्या वहीत नाही. रक्तवाहिनीला हेतू कळत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आमच्याच तालुक्याशी नाते सांगते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे, ते मंडणगड तालुक्यात. जन्म 1891 सालचा, महूच्या लष्करी छावणीतला. तरुणपण परळच्या बी.आय.टी. चाळीत गेले. लंडनला शिकताना अर्धपोटी राहून ते दिवसदिवस ग्रंथालयात बसत आणि रात्रीही वाचत. पुढे आयुष्यभर त्यांची अभ्यासाची रात्र पहाटेपर्यंत लांबे. 29 ऑगस्ट 1947 रोजी मसुदा समिती नेमली गेली तेव्हा मधुमेह आणि मज्जातंतूंच्या वेदना त्यांच्या मागे लागलेल्याच होत्या. समितीतल्या सात जणांपैकी एकाने राजीनामा दिला, एकजण वारला, एक अमेरिकेत, बाकीच्यांपैकी कोणी दिल्लीपासून दूर तर कोणी दुसऱ्या कामात गुंतलेले. त्यामुळे शेवटी सारा भार आंबेडकरांवर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी नोव्हेंबर 1948 मध्ये घटनासभेतच सांगून ठेवले आहे. प्रकृती इतकी ढासळलेल्या माणसाने 26 नोव्हेंबर 1949 पर्यंत ते काम तडीस नेले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि 6 डिसेंबरला दिल्लीत, झोपेतच, ते गेले. वय अवघे 65. बुद्धावरच्या ग्रंथाचे काम त्यांनी शेवटच्या दिवसांपर्यंत सोडले नव्हते. तो पुस्तकरूपाने निघाला 1957 साली.

आता या माणसाला कोणी म्हणावे काय, की “वेळेवर झोपला असतात तर दहा वर्षे अधिक जगला असतात”? शरीराचे शास्त्र कदाचित तसे म्हणेल, आणि ते चूकही नसेल. परंतु ज्याने असे म्हणायचे, त्याने आधी एवढे विचारावे, की ते काम वाटून घ्यायला त्या वेळी दुसरे कोण पुढे आले होते? दुसऱ्या बाजूने, त्यांचे नाव घेऊन आपल्या जागरणांना थोरपणा आणणाऱ्यांचीही मला भीती वाटते. मी स्वतः ते केले आहे. रात्री दीडला तिसरा चहा करताना ‘थोर माणसेही अशीच जागत’ हा विचार मला फार उपयोगी पडे. फरक एवढाच, की मी त्या रात्री बहुतेक वेळा रहस्यकथा वाचत असे.

कोणी म्हणेल, शेजारच्या दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे पाहा. 1858 ते 1962, पुरी 104 वर्षे जगले. नियमाने राहिले की असे होते! नियमाची किंमत मी कमी करत नाही. परंतु मिळालेले भांडवल सगळ्यांचे सारखे नसते, हेही आता ठाऊक झाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली होती. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, आकडा 22.3; पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. आपल्याकडचे बाळ जन्मतःच वजनाला हलके आणि तरी चरबीने भरलेले असते, असे याज्ञिकांना पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात आढळले. म्हणजे उपाशी आईच्या पोटातच वहीची पहिली पाने लिहिली जातात. ज्याने अजून एक घासही खाल्ला नाही, त्याच्या नावावरही काही कर्ज निघते.

तेव्हा ‘करावे तसे भरावे’ हे वचन मी दुसऱ्याच्या खाटेशी उभे राहून आता उच्चारत नाही. भरणारा तोच असतो. करणारे पुष्कळ असतात. त्यात गिरणीची पाळी असते, दहा बाय बाराची खोली असते, आईची उपासमार असते, मुलाची फीही असते. शरीर न्याय करत नाही, ते फक्त वसुली करते. न्याय करायचा तो आपण, आणि त्यासाठी दर वेळी एकच प्रश्न विचारावा लागतो: हे कर्ज कोणासाठी काढले होते? हा प्रश्न मी स्वतःला विचारला तेव्हा उत्तर लाजिरवाणे आले. बाबांच्या बाबतीत विचारला तेव्हा ऋणको मीच निघालो.

एक गोष्ट मात्र शरीराच्या बाजूने सांगितली पाहिजे. ते वसुली करते, पण सूड घेत नाही. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1951 पासून पन्नास वर्षे हजारो डॉक्टरांच्या धूम्रपानाची नोंद ठेवली. 2004 साली जो हिशेब निघाला तो असा: आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्याची सरासरी 10 वर्षे जातात, पण वयाच्या 60व्या वर्षी सोडली तरी 3 वर्षे परत मिळतात, 50व्या वर्षी 6, 40व्या वर्षी 9. इतक्या उशिरा केलेला पश्चात्ताप इतक्या उदारपणे मान्य करणारा सावकार मी दुसरा पाहिलेला नाही. त्या बळावर मी हल्ली रोज संध्याकाळी किल्ल्याच्या वाटेने निम्म्यापर्यंत चालून येतो. चहात साखर नसते. कधी कधी असते.

यंदा गणपतीला पुतण्या मुंबईहून आला. एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर तो पहारेकरी आहे. त्याचे डोळे तांबारलेले होते आणि ओटीवर बसून तो तळहातावर तंबाखू मळत होता. माझ्या जिभेवर ते जुने वाक्य आलेच. मी ते गिळले आणि विचारले, “पाळी किती तासांची असते रे तुझी?”

“बारा,” तो म्हणाला. “माणूस नाही आला की चोवीस. पण काका, काय व्हत नाय.”

मी त्याच्याजवळ सरकून बसलो. रात्रीचे जेवण कधी मिळते, सुट्टी किती, खोलीत किती जण, एक एक विचारत गेलो. तंबाखूची गोष्ट निघायला बराच वेळ लागला, आणि ती त्यानेच काढली.