लाल मणी

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीजवळचं एक धानाचं गाव, पौषातली थंडी. सातव्या दिवसाच्या भेटीला आलेल्या आशाताईने, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीने, बाळाच्या अंगावरची गोधडी सारली आणि घड्याळाकडे बघत त्याचे श्वास मोजायला घेतले. आजीला ते रुचलं नाही.

"लेकराले काहून मोजतेस वो बाई? नजर लागते."

आशाताई बोलली नाही; मध्येच बोललं की मोजणी चुकते. चौसष्ट. पुन्हा मोजले. सहासष्ट. साठ किंवा त्याहून जास्त भरले म्हणजे न्युमोनियाची शंका. तिने १०८ला फोन लावला.

गाडीची वाट बघताना आजी हळूच म्हणाली, "मी दाई होती. लेकरू धापा टाकते हे मलेबी दिसे. पन किती धापा म्हंजे जास्त, हे कोन सांगे?"

आशाताईने मग गडचिरोलीची हकिकत सांगितली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावोगावी मुलं न्युमोनियाने जात होती, डॉक्टर कोसो दूर, आणि घरात होती ती दाई, जिला साठपर्यंत मोजता येत नव्हतं. त्यांनी तिच्यासाठी लाकडी चौकटीत मणी ओवले, सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्युमोनिया समजून औषध सुरू करायचं. गावातच न्युमोनिया ओळखून औषध दिल्याने खरंच जीव वाचतात का, हे शेजारच्या गावांशी ताडून पाहिलं. तिथे न्युमोनियाने हजारी १७.५ मुलं गेली, औषध मिळालेल्या गावांत ८.१. हा अभ्यास १९९०मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. या सगळ्यात मोलाचा तो लाल मणीच. दाईचं अडाणीपण मोजत बसण्यापेक्षा तिच्या बोटांना काय जमतं ते कुणीतरी आधी पाहिलं.

पुढे १९९३पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला. त्यातूनच २०११मध्ये देशभरातल्या आशांच्या घरभेटी ठरल्या. वैनगंगा भंडाऱ्याकडून गडचिरोलीकडे वाहते. ही विद्या मात्र उलट वर चढून आली.

गाडी आली. बाळ गेलं, आणि बरं होऊन परतलं.

एकविसाव्या दिवशी आशाताई दारात आली, तेव्हा अंगणात पोरं गलका करत होती. आजीने बाळाची गोधडी स्वतःच सारली.

"गप राहा रे पोरांनो," ती म्हणाली, "ताई मोजून रायली."