डोके कुणाचे, पोट कुणाचे?

मराठीत पुष्कळ काही पोटातच घडते. आपण पोटतिडकीने बोलतो, दुसऱ्याचा अपराध पोटात घालतो. आता विज्ञानही जवळपास तेच म्हणू लागले आहे. आतड्यात लाखो कोटी जिवाणू राहतात आणि त्या जिवाणूंवर जगणारे विषाणूही. हे विषाणू कधी जिवाणूला फोडून बाहेर पडतात, कधी त्याच्याच जनुकांत मुकाट बसून राहतात. कुठला जिवाणू वाढेल, कुठला घटेल, हे बरेचसे त्यांच्यावर ठरते. आणि जिवाणूंनी बनवलेल्या द्रव्यांची खबर रक्तातून, मज्जातंतूंतून मेंदूला लागते. 2022 साली स्पेनमधील गिरोनाच्या संशोधकांना दिसले की, अशा शेपटीवाल्या विषाणूंचे काही प्रकार ज्यांच्या आतड्यात जास्त, त्यांची स्मरणशक्ती चाचण्यांत सरस ठरते. त्यांच्या विष्ठेतले जंतू उंदरांना दिल्यावर उंदरांचीही स्मरणशक्ती सुधारली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच.

पण मग नियत कुणाची म्हणायची? गुन्हा करून आतड्याकडे बोट दाखवणारा वकील उद्या भेटेलच. आम्हाला ती पळवाट मान्य नाही. भुकेल्याचे डोके लवकर फिरते हे घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होते. त्यांनी शिवीगाळ माफ केली नाही, पण आधी ताट वाढले.

खरा प्रश्न दुसऱ्याच्या पोटाचा आहे. कर्जत-खालापूरच्या गावांत सहज म्हटले जाते, ‘कातकऱ्यांच्या पोरांच्या डोक्यात काही शिरत नाही.’ अख्ख्या जमातीचा स्वभाव एका वाक्यात निकालात काढण्याची ही रीत आम्हा मुसलमानांच्याही चांगल्या परिचयाची आहे. त्या पोराचे आईबाप पावसाळा सरला की वीटभट्टीवर जातात, पोर सोबत. पाणी मिळेल ते. वारंवारच्या जुलाबाने आतड्यातली ही सारी वस्ती उलथीपालथी होते. ब्राझीलमधल्या फोर्तालेझाच्या झोपडपट्टीतील मुलांचा अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला: पहिल्या दोन वर्षांत ज्यांना जुलाब अधिक झाले, ती पुढे चार ते सात वर्षांनी बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडलेली आढळली. ‘आळशी’, ‘मठ्ठ’ हे शेरे प्रगतिपुस्तकात पोराच्या नावापुढे पडतात. पाण्याच्या नावापुढे शेरा मारायला तिथे रकाना नसतो.

इकडे उल्हास वाहते, तिकडे पाताळगंगा. भर मे महिन्यात फार्महाऊसांचे पोहण्याचे तलाव निळेशार असतात, आणि वाडीवरची बाई ओढ्यात खणलेल्या खड्ड्याशी बसून वाटीवाटीने हंडा भरते.