सोळा किलोंचे ओझे

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक काळा दगड आहे. चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत नोकरीला लागलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने तो आणून दिला. त्यावर जिभेच्या आकाराचे एक पान उमटले आहे. मधली शीर ठसठशीत, बाजूला बारीक शिरांचे जाळे. दिवाळीच्या साफसफाईत ही ‘अडगळ’ दरसाल केरात जाता जाता वाचते.

पानाचे नाव ग्लॉसॉप्टेरिस. ते पर्मियन काळातले. हा काळ सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि पंचवीस कोटी वर्षांपूर्वी संपला. तेव्हा पृथ्वीवर ना फूल होते ना पाखरू. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका सारे सांधलेले होते, आणि त्या भूमीला पुढे नाव मिळाले ते आपल्या गोंडांच्या मुलखावरून! दलदलीत या झाडांची राने माजत, पाने झडत, गाळाखाली दबत. त्यांचाच कोळसा झाला. पुढे असा काही प्रलय ओढवला की समुद्रातल्या दहा जातींतल्या जवळजवळ नऊ नाहीशा झाल्या. ही रानेही गेली.

हे पान दाखवताना मी वर्गात कॅप्टन स्कॉटची गोष्ट सांगतो. १७ जानेवारी १९१२ रोजी तो दक्षिण ध्रुवावर पोहोचला, तो आमुंडसेन महिनाभर आधी येऊन गेलेला. परतताना फेब्रुवारीत त्यांनी वाटेत दगड गोळा केले. पुढे एकामागून एक दोन सोबती गेले. नोव्हेंबरमध्ये उरलेल्या तिघांची प्रेते तंबूत सापडली, तेव्हा जवळ सुमारे सोळा किलो दगड होते. त्यांत हेच पान होते.

“गुरुजी, दगड टाकले असते तर वाचले असते?” एका मुलाने विचारले.

मी कादंबरीकाराला शोभेलसे उत्तर दिले: ज्ञानासाठी माणूस प्राणही देतो, वगैरे.

“पण त्यांच्या घरी विचारलं होतं का?”

स्कॉटचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. मी गप्प झालो. त्यांना मारले ते थंडीने आणि उपासमारीने, सोळा किलोंनी नव्हे, असे म्हणता आले असते; पण ती पळवाट झाली. ओझे ओढणाऱ्याला किलोकिलोचा हिशेब कळतोच. स्वतःचा प्राण पणाला लावणे मला समजते. सोबत्याचा आणि घरच्या पोराचा वाटा त्यात परस्पर घालायचा अधिकार कुणी दिला? मी तिथे असतो तर दगड टाकले असते. अगदी प्रामाणिकपणे सांगतो. आणि त्यांनी टाकले नाहीत याचा मला आनंद होतो, हेही तितकेच खरे. अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली एके काळी रान होते हे त्या दगडांनी सांगितले. दुसऱ्याच्या पोरक्या लेकराच्या किमतीवर मिळालेले हे ज्ञान मी दरवर्षी खुशाल शिकवतो.

तास संपल्यावर तो मुलगा टेबलाशी आला. दगड उचलून त्याने दोन्ही हातांत तोलला, जपून होता तिथेच ठेवला, आणि काही न बोलता डबा खायला गेला.