फोटो नसते तर

मोहाडीत एका पानठेल्यावरच्या टीव्हीत कोयत्याने केलेल्या हल्ल्याचं सीसीटीव्ही चित्रण चालू होतं. खाली ‘विचलित करणारी दृश्ये’ अशी पट्टी, आणि वर तोच वार पुन्हा पुन्हा: लाल वर्तुळ, बाण, संथ गती, मागे धडधडतं संगीत. पडलेल्या माणसाचा चेहरा तेवढा धूसर केलेला. हे कायद्यानेच बंद केलं पाहिजे, असं माझ्या तोंडून निघून गेलं. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाले, “फोटो नसते त खैरलांजी कोनाले मालूम पडली असती जी?”

त्यांचं बोलणं तेव्हापासून पाठ सोडत नाही.

खैरलांजी याच, भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातली. २९ सप्टेंबर २००६ रोजी तिथे भैयालाल भोतमांगे या दलित गृहस्थांची पत्नी, मुलगी आणि दोन मुलगे जमावाने ठार केले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. विसरला जातो तो त्यानंतरचा महिना. मोठी वर्तमानपत्रं आणि वाहिन्या जवळजवळ गप्प होत्या. जे थोडं छापून आलं त्यात अनैतिक संबंधांची कुजबुजच बातमी म्हणून खपवली गेली. मग मृतदेहांची छायाचित्रं पत्रकांवरून, इंटरनेटवरून फिरू लागली. नोव्हेंबरात नागपूर, कामठी, अमरावतीत लोक रस्त्यावर उतरले आणि तपास सीबीआयकडे गेला.

अशी दृश्यं रोखणारे नियम आपल्याकडे कमी नाहीत. केबल टीव्हीचा कायदा १९९५ पासून आहे. रक्त, प्रेतं, मारहाण अशी दाखवू नका, अशी सूचना माहिती व प्रसारण मंत्रालयाने ९ जानेवारी २०२३ रोजी पुन्हा काढली. वाहिन्यांचं उत्तर ठरलेलं: समाज जसा आहे तसा आम्ही दाखवतो. हे मला मुळीच मान्य नाही. समाजात वार एकदाच होतो, पडद्यावर तो चाळीसदा होतो, आणि समाजात त्यामागे संगीत वाजत नाही.

मला फरक दिसतो तो वेगळा. मृताच्या वतीने दाखवणं एक आणि मृताला दाखवणं दुसरं. १९५५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्यांनी हालहाल करून मारलं. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शिकागोत शवपेटी उघडी ठेवायला लावली. माझ्या मुलाचं काय केलं ते जगाने बघावं, हा त्यांचा निर्णय होता. छायाचित्र ‘जेट’ साप्ताहिकात छापून आलं ते त्या आईच्या इच्छेने. उलट २०१६ मध्ये गुजरातेतल्या उनात दलित तरुणांना मारतानाचं चित्रण मारणाऱ्यांनीच मिरवायला पसरवलं. दोन्ही चित्रांनी माणसं पेटून उठली, हे खरं. पण पहिल्यात आई बोलत होती. दुसऱ्यात मारणाऱ्यांची फुशारकी त्यांच्यावरच उलटली, आणि मार खाणाऱ्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

इथे जरा आडवाटेला जातो. धानकापणीनंतर आमच्या झाडीपट्टीत रात्रभर नाटकं चालतात. रंगमंचावर खून होतो तेव्हा मंडपातल्या बाया पदराने डोळे पुसतात. मेलेला नट पहाटे चहा पिताना दिसणार हे माहीत असूनही पुसतात. कारण त्या माणसाची तीन अंकांची ओळख झालेली असते. टीव्हीवर खराखुरा माणूस मरतो आणि ठेल्यावर कोणाची पापणी हलत नाही, कारण तो कोण, कोणाचा, हे कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणजे बंदीच हवी? तसंच म्हणायला निघालो होतो, पण खैरलांजी आडवी येते. मणिपूरही येतं. तिथल्या स्त्रियांची धिंड ४ मे २०२३ ची, तक्रार पोलिसांकडे त्याच महिन्यात गेली, आणि देश हलला तो १९ जुलैला चित्रफीत बाहेर आल्यावर. ज्यांच्या शब्दावर ठाणं, कचेरी, संपादक कोणीच विश्वास ठेवत नाही, त्यांनाच आपल्या माणसांचे देह उघडे करावे लागतात. बंदी घातली तर पहिला फायदा मारेकऱ्याचा आणि गुन्हा दडपणाऱ्या ठाण्याचा होईल. म्हणून बंदी नको, असं आता मी म्हणतो. पण घरच्यांना विचारल्याशिवाय नको, वारंवार नको, संगीतासह तर नकोच.

आणि फोटोकडून फार अपेक्षाही नको. कोर्ट चालतं पंचनाम्यावर, शवविच्छेदनाच्या अहवालावर. खैरलांजीत तिथेच हयगय झाली. भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा केली. भैयालाल जानेवारी २०१७ मध्ये वारले. या सगळ्या वर्षांत भंडाऱ्याला बातमीदार पाठवायला परवानगी, कॅमेरा, रक्त यांतलं काहीच लागत नव्हतं.

तुमच्या मोबाइलवर असा व्हिडिओ आला, तर पाठवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: ठाणं कोणतं, गुन्हा नोंदला का, घरच्यांचं म्हणणं काय. उत्तर आलं नाही, तर तो पुढे पाठवू नका. ठाण्यात फोन करा.